डबल-क्लिक केल्यावर ‘फाइल सापडली नाही’: पाथ आणि कमांड लाइन आर्ग्युमेंट नेमके कुठे बिघडतात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातील एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी) आपण काटा पावतीचा, म्हणजे वजनाच्या पावतीचा, डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला असून आपल्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो. जिनिंगच्या ऑफिसातील विंडोज संगणकावर मात्र ‘डी:\काटा पावत्या’ या फोल्डरमधील पावतीच्या फाइलवर डबल-क्लिक केले की ‘डी:\काटा ही फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. शॉर्टकटवरून उघडल्यास प्रोग्राम सुरू होतो, पण दरांची फाइल त्याला दिसत नाही. रात्री टास्क शेड्यूलरने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीने) घ्यायचा बॅकअप झाल्याची नोंद होते, पण बॅकअपची फाइल कुठेच मिळत नाही. शेवटी आपण विचारले आहे की, फोल्डरच्या नावात स्पेस आणि मराठी अक्षरे वापरायची नाहीत, असा नियमच जिनिंगवाल्यांना घालून द्यावा का?

नियम घालू नये, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच. मात्र आपण एक म्हणून मांडलेल्या या प्रश्नात मुळात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. प्रोग्रामला सुरू होताना मिळालेल्या ओळीचे (कमांड लाइनचे) तुकडे, म्हणजे आर्ग्युमेंट, कोण आणि कसे पाडतो, ही पहिली. अर्धवट लिहिलेला पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, कोणत्या फोल्डरपासून मोजला जातो, ही दुसरी. नावातील अक्षरे प्रोग्रामपर्यंत जशीच्या तशी पोहोचतात का, ही तिसरी. आपल्या पहिल्या तक्रारीचे मूळ पहिल्या गोष्टीत आहे, तर पुढच्या दोन्ही तक्रारींचे मूळ दुसऱ्या गोष्टीत आहे. तिसरीने आपल्याला अजून गाठलेले नाही, कारण संदेशात ‘काटा’ हा शब्द शाबूत दिसतो.

आपण प्रोग्रामची भाषा सांगितलेली नाही, आणि उत्तराचा काही भाग तिच्यावर अवलंबून आहे. सी-शार्प आणि पायथॉन 3 यांत अक्षरांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, सी-प्लस-प्लसमध्ये मुद्दाम काळजी घ्यावी लागते आणि व्हीबी6 मध्ये तो हमखास उद्भवतो. ऑफिसात एकच संगणक आहे की काट्यावरचा आणि हिशेबाचा असे दोन नेटवर्कने जोडलेले आहेत, यावरही काही गोष्टी ठरतील. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यातील जिनिंग आणि कृषी केंद्रांसाठी असेच प्रोग्राम लिहिताना मी जी पद्धत बसवली आहे, तिच्या आधारे पुढचे लिहितो.

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी प्रोग्राम सुरू होताच एका लॉग फाइलमध्ये चार गोष्टी लिहून ठेवण्याची सोय करा: किती आर्ग्युमेंट मिळाले, प्रत्येक आर्ग्युमेंट चौकोनी कंसात, त्या क्षणी चालू असलेले फोल्डर, आणि प्रोग्रामची स्वतःची फाइल ज्यात आहे ते फोल्डर. चौकोनी कंस यासाठी की, शेवटी चिकटलेली स्पेस किंवा भरकटलेले अवतरणचिन्ह नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कंसात ते लगेच उघडे पडते. खिडकीवाल्या प्रोग्रामला स्वतःचा कन्सोल (मजकूर छापणारी खिडकी) नसतो, त्यामुळे छापलेली ओळ कुठेच दिसत नाही. लॉग फाइलच हवी, आणि तिचा पाथ मात्र पूर्ण लिहिलेला हवा, नाहीतर तीही बॅकअपच्या वाटेने जाईल. या चार ओळी हाताशी असल्या की घाटंजीहून फोन आल्यावर अंदाज बांधत बसावे लागत नाही.

आता पहिली तक्रार. लिनक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा आर्ग्युमेंटांची यादीच त्याच्या हाती देतो. तुकडे आधीच पडलेले असतात. विंडोजमध्ये तसे नाही. तिथे नव्या प्रोग्रामला एक अखंड ओळ मिळते आणि तिचे तुकडे तो प्रोग्राम, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या भाषेची रनटाइम लायब्ररी, स्वतः पाडते. नियम साधा आहे: स्पेस किंवा टॅब आला की तुकडा संपला, दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत असलेला मजकूर मात्र एकच तुकडा. आपण पावतीच्या फाइलचे एक्स्टेन्शन (नावातील टिंबापुढचा भाग) प्रोग्रामशी जोडताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, जी आज्ञा लिहिली आहे, तिच्यात प्रोग्रामच्या पाथनंतर नुसते %1 लिहिले असावे. विंडोज त्या %1 च्या जागी फाइलचा पूर्ण पाथ ठेवते, अवतरणचिन्हे आपणहून घालत नाही. मग ‘डी:\काटा’ हा पहिला तुकडा होतो, ‘पावत्या\…’ हा दुसरा, आणि आपला प्रोग्राम पहिलाच तुकडा घेऊन फाइल शोधायला निघतो. आपल्या लॅपटॉपवर हे दिसले नाही, कारण तिथल्या फोल्डरच्या नावात बहुधा स्पेसच नसेल.

उपाय एका ओळीचा आहे: रजिस्ट्रीतील आज्ञेत "%1" असे अवतरणचिन्हांसह लिहा, आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या पाथभोवतीही अवतरणचिन्हे घाला. दुसरी गोष्ट अनेकजण सोडून देतात, कारण ती न घालताही काम चालते. ते चालते याचे कारण असे की, ‘सी:\प्रोग्राम फाइल्स\…’ असा अवतरणचिन्हांविना पाथ मिळाला तर विंडोज आधी ‘सी:\प्रोग्राम’ नावाचा एखादा प्रोग्राम आहे का ते पाहते, नसेल तर पुढच्या स्पेसपर्यंत जाते, असे करत करत खऱ्या फाइलपर्यंत पोहोचते. उद्या कोणी त्या आधीच्या नावाची फाइल तिथे आणून ठेवली, तर आपल्या प्रोग्रामऐवजी तीच चालेल. सुरक्षेच्या दृष्टीने ही ओळखीची फट आहे.

काहीजण यावर सुचवतात की, मिळालेले सगळे तुकडे मध्ये एकेक स्पेस घालून पुन्हा जोडावेत म्हणजे मूळ पाथ परत मिळेल. तसे करू नका. नावात दोन स्पेस लागोपाठ असतील तर त्यांची एक होते, आणि दोन फाइली एकत्र आल्या तर त्यांचा एकच विचित्र पाथ तयार होतो. चूक जिथे झाली तिथेच, म्हणजे रजिस्ट्रीत, दुरुस्त झाली पाहिजे.

अवतरणचिन्हांबाबत एक खाच आहे, जी बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) वापरणाऱ्यांना हमखास अडकवते. तुकडे पाडण्याच्या नियमात अवतरणचिन्हाच्या लगेच आधी बॅकस्लॅश आला, तर ते चिन्ह बंद करणारे न राहता मजकुराचा भाग धरले जाते. त्यामुळे "डी:\काटा पावत्या\" असे लिहिले की शेवटचे चिन्ह बंद होतच नाही, आणि पुढचे सगळे आर्ग्युमेंट त्याच तुकड्यात ओढले जातात. लॉगमध्ये एकच लांबलचक आर्ग्युमेंट आणि त्याच्या पोटात एक अवतरणचिन्ह दिसले, तर कारण हेच समजा. बॅच फाइलला स्वतःचे फोल्डर सांगणारे जे चल असते ते नेहमी शेवटी बॅकस्लॅश लावूनच मिळते, म्हणून हा प्रकार तिथे अधिक होतो. मी अशा ठिकाणी बॅकस्लॅशनंतर एक टिंब टाकतो, म्हणजे "डी:\काटा पावत्या\." असे. टिंबाचा अर्थ ‘हेच फोल्डर’ असा होतो, पाथ तोच राहतो आणि अवतरणचिन्ह नीट बंद होते.

हाच विचार उलट दिशेनेही लागू होतो. पावत्यांची झिप करण्यासाठी किंवा छापण्यासाठी आपला प्रोग्राम दुसरा प्रोग्राम सुरू करत असेल, तर हाताने ओळ जोडून तिच्यात अवतरणचिन्हे पेरू नका. पायथॉनमध्ये सबप्रोसेसला यादी देता येते, नव्या डॉट-नेटमध्ये आर्ग्युमेंट-लिस्ट आहे. चिन्हे कुठे घालायची ते त्यांना पाहू द्या. मधे कमांड प्रॉम्प्ट आणला तर आणखी एक हात मधे येतो आणि त्याचे नियम वेगळे असतात. व्यापाऱ्याच्या नावात ‘& सन्स’ असेल, तर अवतरणचिन्हांबाहेरचे & हे चिन्ह त्याच्या लेखी ‘इथे एक आज्ञा संपली, पुढची सुरू’ असे असते. शिवाय त्याची ओळ 8191 अक्षरांपलीकडे जात नाही, तर थेट सुरू केलेल्या प्रोग्रामला 32,767 पर्यंत मुभा असते. हंगामातील सगळ्या पावत्यांची नावे एका ओळीत देऊ पाहणाऱ्याला हा फरक जाणवतो.

आता दरांच्या फाइलीकडे आणि हरवलेल्या बॅकअपकडे येऊ. आपण कोडमध्ये दरांच्या फाइलचे नुसते नाव लिहिले असणार, पुढे फोल्डर नसणार. असा अर्धवट पाथ ‘इथून तिसरे घर’ या पत्त्यासारखा असतो. सांगणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय तो कामाचा नाही. प्रोग्राम कुठे ‘उभा’ आहे ते चालू फोल्डरवरून ठरते, आणि ते फोल्डर प्रोग्राम ठरवत नाही, त्याला सुरू करणारा ठरवतो. एडिटरमधून चालवले तर ते प्रोजेक्टचे फोल्डर असते. पावतीवर डबल-क्लिक केले तर सहसा ती पावती ज्यात आहे ते फोल्डर असते. शॉर्टकटमध्ये ‘स्टार्ट इन’ नावाची चौकट असते आणि तिच्यात जे लिहिले असेल ते लागू होते; प्रोग्राम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवला आणि जुना पाथ त्या चौकटीत राहून गेला, तर आपण वर्णन केलेलीच लक्षणे दिसतात. टास्क शेड्यूलरमध्ये ही चौकट रिकामी सोडली, तर चालू फोल्डर म्हणून विंडोजचे सिस्टिम32 मिळते. आपले काम सर्वोच्च अधिकारांनी चालत असेल, तर बॅकअपची फाइल तिथेच पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. प्रोग्राम 32-बिट असेल, तर विंडोज त्याला गुपचूप सिसवाव64 या फोल्डरकडे वळवते. म्हणून दोन्हीकडे पाहा. शेड्यूलरच्या या चौकटीत फोल्डरच्या नावात स्पेस असली तरी अवतरणचिन्हे चालत नाहीत. बाकी सगळीकडे ती घाला म्हणणाऱ्या माणसाने हे आवर्जून सांगायला हवे.

मात्र चौकट भरून दिली की प्रश्न सुटला, असे मी मानत नाही. उद्या मुनीमजींच्या मुलाने नवा शॉर्टकट केला की तो पुन्हा उगवेल. माझी पद्धत अशी आहे: बाहेरून आलेला प्रत्येक पाथ प्रोग्राम सुरू होताच, चालू फोल्डरला धरून, एकदाच पूर्ण करून घ्यायचा आणि त्यानंतर आत सगळीकडे पूर्ण पाथच फिरवायचा. बाहेरून आलेल्या पाथला चालू फोल्डर लावणे योग्य असते, कारण कमांड लाइनवर ‘नोव्हेंबर\आवक’ असे टाइप करणाऱ्या माणसाच्या मनात तेच फोल्डर असते. प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलींना, म्हणजे दर, सेटिंग, लॉग यांना, चालू फोल्डर कधीच लावायचे नाही. हा भेद एकदा पाळला की बहुतेक कटकट संपते.

स्वतःच्या फाइली मग कुठे ठेवायच्या? प्रोग्रामसोबत येणाऱ्या आणि कधी न बदलणाऱ्या फाइली, उदाहरणार्थ पावतीचा नमुना, प्रोग्रामच्या फोल्डरजवळ असू द्या. ते फोल्डर डॉट-नेटमध्ये ‘अ‍ॅप-कॉन्टेक्स्ट’च्या ‘बेस-डिरेक्टरी’वरून मिळवा, असेंब्लीच्या ‘लोकेशन’वर विसंबलात तर एकाच फाइलमध्ये बांधलेल्या प्रोग्रामात ते रिकामे येते. पायथॉनचा प्रोग्राम पायइन्स्टॉलरने एका फाइलमध्ये बांधला असेल, तर तो दर वेळी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला सोडवतो आणि कोडच्या फाइलचा पाथ त्या तात्पुरत्या जागेचा असतो. तिथे लिहिलेले प्रोग्राम बंद होताना पुसले जाते.

रोज बदलणारे दर मात्र ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. त्यात जुन्या पद्धतीच्या 32-बिट प्रोग्रामना विंडोज नकारही देत नाही, त्यांचे लिखाण ‘व्हर्च्युअल-स्टोअर’ नावाच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या वेगळ्या फोल्डरात वळवते. मग सकाळच्या पाळीतील ऑपरेटरने एका लॉगिनमधून बदललेला कापसाचा दर रात्रीच्या ऑपरेटरला त्याच्या लॉगिनमध्ये दिसत नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टींसाठी ‘प्रोग्रामडेटा’ आणि एकेका वापरकर्त्यापुरत्या सेटिंगसाठी ‘अ‍ॅपडेटा’ ही फोल्डरे आहेत; ‘प्रोग्रामडेटा’तील आपल्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी इन्स्टॉल करतानाच द्या. त्यांचे पाथ कोडमध्ये टंकू नका, सिस्टिमला विचारून घ्या.

दोन संगणक जोडलेले असतील तर ‘झेड:’ सारख्या जोडलेल्या ड्राइव्ह अक्षरावर भरवसा ठेवू नका. ते अक्षर त्या वापरकर्त्याच्या त्या लॉगिनपुरते असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या किंवा शेड्यूलरने सुरू केलेल्या प्रोग्रामला ते बहुधा दिसत नाही. त्याऐवजी \\ ने सुरू होणारा, संगणकाचे नाव असलेला पूर्ण पाथ द्या. पेनड्राइव्हचे अक्षरही प्रत्येक संगणकावर बदलते, म्हणून ते सेटिंगमध्ये जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

इथवरचे सार असे की, पहिली तक्रार रजिस्ट्रीतील अवतरणचिन्हांनी मिटेल आणि उरलेल्या दोन पाथ पूर्ण करण्याच्या शिस्तीने. राहिला प्रश्न स्पेस आणि मराठी नावांवर बंदी घालण्याचा.

जिनिंगच्या ऑफिसात फोल्डरला ‘काटा पावत्या’ म्हणतात, कारण ते लोक त्या कागदांना तेच म्हणतात. बंदी घातली तर हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असताना, कोणीतरी ती मोडणारच, आणि प्रोग्राम नेमका तेव्हाच अडेल. शिवाय विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये नावे युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या एकाच अक्षरसंचात, साठवली जातात. मराठी नाव तिथे कोणत्याही परीने दुय्यम नाही. अडचण येते ती जुन्या दारातून आत शिरणाऱ्या प्रोग्रामांना. सी-प्लस-प्लसमधील साधे ‘मेन’ सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमधून (मोजक्या अक्षरांच्या तक्त्यातून) आर्ग्युमेंट देते, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसे कोडपेज कधी नव्हतेच. परिणामी प्रत्येक अक्षराच्या जागी ‘?’ येते. ‘डब्ल्यूमेन’ वापरणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये) यूटीएफ-8 हे युनिकोडचे रूप जाहीर करण्याची सोयही आहे. व्हीबी6 मध्ये आर्ग्युमेंट घेणे आणि फाइल उघडणे ही दोन्ही कामे जुन्याच दारातून होतात, तिथे थेट विंडोजची युनिकोड फंक्शने बोलवावी लागतात. (आपल्याकडे काही ऑफिसांत अजून कृतीदेव या जुन्या फॉन्टची सवय आहे. तो युनिकोड नसल्याने त्यात टाइप केलेले फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणून दिसते. त्याला प्रोग्राम काही करू शकत नाही.)

खरी काळजी घ्यायची ती प्रोग्राम स्वतः जी नावे तयार करतो त्यांची. आपल्या पावतीचा क्रमांक ‘118/2024-25’ अशा धर्तीचा असेल आणि तोच फाइलचे नाव म्हणून वापरलात, तर स्लॅशला विंडोजही फोल्डरची सीमा मानते, आणि प्रोग्राम ‘118’ नावाच्या नसलेल्या फोल्डरात फाइल लिहायला जातो. गट क्रमांक ‘45/2’ याचेही तेच. नावात < > : " / \ | ? * ही चिन्हे चालत नाहीत. मी त्यांच्या जागी आडवी रेघ घालतो आणि खरा क्रमांक फाइलच्या आत ठेवतो. नावाच्या शेवटी येणारे टिंब विंडोज काढून टाकते, आणि मराठी संक्षेपांच्या शेवटी ते असतेच. ‘… प्रा. लि.’ या नावाचे फोल्डर डिस्कवर ‘… प्रा. लि’ असे तयार होते. उघडताना अडचण येत नाही, पण फोल्डरांची यादी वाचून व्यापाऱ्याच्या नावाशी जुळवू गेलात तर जुळत नाही.

त्याहून फसवा प्रकार ‘शेतकऱ्यांची यादी’ यासारख्या नावांत आढळतो. यातील ‘ऱ्य’ एक कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहितो, तर दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितो. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. विंडोज त्यांना दोन वेगळी नावे मानते आणि एकाच फोल्डरात दोन्ही फाइली शेजारी शेजारी नांदू देते. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) केल्यानेही हा फरक जात नाही, कारण ते अदृश्य चिन्ह त्यातून शिल्लक राहते. त्यामुळे वापरकर्त्याने निवडलेली फाइल आहे त्याच नावाने उघडा, तिच्या नावात ‘सुधारणा’ करू नका. तुलना करायची असेल तेव्हाच दोन्ही नावांच्या प्रती एकाच रूपात आणून ताडून पाहा. लांबीचा हिशेबही लक्षात असू द्या. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजून विंडोजला तो 11 चा असतो. पाथची जुनी मर्यादा 260 ची आहे. विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून ती वाढवता येते, पण त्यासाठी त्या संगणकाची सेटिंग आणि प्रोग्रामचा मॅनिफेस्ट दोन्ही बदलावे लागतात. फोल्डरात फोल्डर अशी पाच-सहा मराठी नावे एकापुढे एक आली, तर ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही.

आपण विचारले नसले तरी ओघात एक सांगतो. दोन-तीन पावत्या निवडून एकदम उघडल्या की विंडोज प्रत्येक पावतीसाठी आपला प्रोग्राम वेगळा सुरू करते. एकच खिडकी हवी असल्यास दुसऱ्या वेळी सुरू झालेल्या प्रोग्रामने आपले आर्ग्युमेंट आधीपासून चालू असलेल्याकडे पाठवून स्वतः बंद व्हावे. पाठवण्यापूर्वी त्याने पाथ पूर्ण केलेला असला पाहिजे, कारण दोघांची चालू फोल्डरे वेगळी असतात. बॅकअपसारखे काम फसल्यावर प्रोग्रामने शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड (बंद होताना मागे सोडलेला आकडा) देऊन बंद व्हावे, म्हणजे शेड्यूलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात तो कोड दिसेल.

घाटंजीला जाण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपवरच ‘चाचणी  शेतकऱ्यांची यादी & इतर (2)’ असे, मध्ये मुद्दाम दोन स्पेस असलेले, एक फोल्डर करा आणि त्यात एक पावती ठेवा. ती डबल-क्लिकने, प्रोग्रामच्या चिन्हावर ओढून सोडून, कमांड प्रॉम्प्टमधून आणि शेड्यूलरमधून, अशी चारही वाटांनी उघडून पाहा, आणि पेनड्राइव्हवरूनही एकदा पाहा. सगळीकडे लॉगमधील कंसात एकच आणि अखंड पाथ दिसला, तर जिनिंगमधील फोल्डरांना हात लावण्याची गरज पडणार नाही. कुठे तुटलेला दिसला, तर लॉगच्या त्या चार ओळी आणि प्रोग्रामची भाषा इथे लिहा. पुढचे त्यावरून सांगता येईल.